मराठीत बोलणारा राखणदार

मंगळवार, १२ मे २०२६

आधी खुशाली. यांचा गुडघा कसा आहे? — जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प. कामिनी कशी आहे? — फोनवर तरी हसत होती. तिचे दुर्गेशराव? — दिवसभर दुकानातच, अकरावीच्या फॉर्मांची गर्दी तोंडावर आली आहे. विहीणबाईंची, म्हणजे जयवंताबाईंची शुगर? — आहे तिथंच आहे. शेजारची वंदना? — ठणठणीत. तिची जीभ त्याहून. तुळस? — ऊन सोसेना, न्हाणीजवळ सावलीत आणून ठेवली. कूलर? — वाळा नवा लावला, पावसापर्यंत चिंता नाही.

आणि कॉम्प्युटर? — तोच एक आजारी!

माझी बहीण मीराबाई होती तोवर ही सगळी विचारपूस पत्रात व्हायची. काटोलहून तिचंही तसंच यायचं, एकेकाचं नाव घेऊन, आणि शेवटी ठरलेलं — 'लवकर लिहिजो'. ती गेली, सवय गेली नाही. म्हणून ही वही. वही काही उत्तर देत नाही, पण ऐकून तर घेते.

कॉम्प्युटर कामिनीचा, तिच्या कॉलेजातला. सासरी जाताना इथंच ठेवून गेली. मी सातवी शिकलेली बाई, पण बसून बसून शिकले. पापडाचं प्रमाण ज्या वहीत आहे तिच्याच उलट्या बाजूनं कॉम्प्युटरच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. आमच्या गल्लीतल्या चौदा घरांची टँकरची पाळी मीच त्याच्यावर मांडते, छापते, विजेच्या खांबाला चिकटवते. उन्हाळाभर हुडकेश्वरच्या या टोकाला माझ्या कागदाशिवाय बादली भरत नाही. गर्व आहे मला त्याचा.

चार दिवसांपासून तो रांगून राहिला. एक पान उघडायला चहा होऊन जातो.

बुधवार, १३ मे

वंदना म्हणाली व्हायरस असेल काकू, राखणारं काहीतरी टाका, फुकटात मिळतं. हे म्हणाले, "अवं, जवाई दिवसभर कॉम्प्युटरातच बसते. त्याले विचार."

तेच तर करायचं नाही. जवायाला काम सांगायचं नसतं. धरमपेठेत त्यांचं दुकान, फॉर्म भरणं, झेरॉक्स, प्रिंट — तीन कॉम्प्युटर सांभाळतात. म्हणून काय आपल्या घरी बोलावून टेबलाखाली शिरवायचं त्यांना? एकदा माझ्या भावानं यांना तांदळाचं पोतं जरा सरकवायला सांगितलं होतं, लग्नाला वर्षही नव्हतं झालं. माझी आई त्या दिवशी जेवली नाही.

हे म्हणाले, "जवाई डॉक्टर असता तर तू तापानंच मेली असती."

म्हणोत. माझं मी बघते.

गुरुवार, १४ मे

दिवसभर फुकटचे राखणदार निवडून राहिले. स्थळं पाहावी तसं. एकाचं सगळं इंग्रजीत, आणि नाव-गाव-जन्मतारीख विचारतो — मी काय रेशन कार्ड काढून राहिले? दुसरा बरा वाटला, पण तासातासाला खिडकी उघडून म्हणतो विकतचा घ्या, विकतचा घ्या. तिसरा वंदनाच्या भावानं सांगितलेला. कोणाला नाही म्हणावं कळेना. दुसरा आणि तिसरा दोन्ही टाकले. दाराला कडीही असते, कुलूपही असतं, काय बिघडलं!

शुक्रवार, १५ मे

बिघडलं. दोघं एकमेकांवरच भुंकून राहिले. दुसरा म्हणतो तिसरा चोर आहे, तिसरा म्हणतो दुसरा. कॉम्प्युटर ठप्प. टँकरची यादी हातानं लिहून लावली. खालच्या रंभाबाई म्हणाल्या, "छापखाना बंद का वं आज?"

शनिवार, १६ मे

मिळाला! आणि मीच शोधला.

टँकरवाल्याचा नंबर शोधत होते. मध्येच लाल खिडकी आली, मराठीत. 'आदरणीय ताई, आपल्या संगणकात ३१७ धोके आढळले आहेत. घाबरू नका. आपली काळजी आम्हांला आहे.' शुद्ध, जोडाक्षरासकट. बाकी सगळे इंग्रजीत डोळे वटारतात, हा एकटा ताई म्हणाला. नाव 'महारक्षक'. पूर्ण फुकट, कायमचा.

मला सगळ्यांत पटलं ते पुढचं वाक्य — 'दोन पहारेकरी एका घरी ठेवल्यास भांडण होते. जुने सर्व पहारेकरी बंद करावे.' कालच डोळ्यांनी पाहिलेलं! म्हटलं, याला घरातलं कळतं. त्यानं दाखवलं तसं एकेक बंद करत गेले. वंदनाच्या भावाचा गेला, विकतचा-घ्या गेला. आणखी एक होता, कॉम्प्युटरबरोबर आधीपासूनच आलेला, मला ठाऊकही नव्हता — तोही बंद केला. होय, होय, होय. मग हिरवी खूण आली. '३१७ धोके नष्ट.'

उठून एक लाडू खाल्ला.

रविवार, १७ मे

अधिक महिना लागला. कॉम्प्युटर घोड्यासारखा पळून राहिला. वंदनाला बोलावून दाखवला. कामिनीला फोन करून सांगितलं, धोंड्याचं जेवण पुढच्या रविवारी, चोवीस तारखेला. विहीणबाईंनाही या म्हटलं, पण त्या म्हणाल्या उन्हाच्या नाही निघत.

बुधवार, २० मे

अनारशाचे तांदूळ भिजले, आज तिसरा दिवस. वाटून, गूळ घालून, गोळे बांधून ठेवले.

यादी उघडायला बसले तर पाळीच्या पिवळ्या फायलीवर कोपऱ्यात एक छोटासा वाकडा बाण. आधी नव्हता. भजनांच्या फायलीवरही. सगळ्यांवर. दाबलं तर उघडते, पण उघडताना एक काळी खिडकी लुकलुकते आणि मिटते — डोळ्याची पापणी लवावी तशी. महारक्षकाला विचारलं. हिरवी खूण. सर्व सुरक्षित.

मनात पाल चुकचुकली. काय लपवू वहीपासून.

शुक्रवार, २२ मे

बाण आहेतच. आता कोणाला विचारू? वंदनाला तर मीच छाती काढून दाखवला. आणि दुर्गेशराव परवा येऊन राहिले. त्यांना दिसलं तर जेवायचं सोडून तेच करत बसतील. धोंड्याच्या दिवशी! रविवार होऊन जाऊ दे, मग बघू. क्रोशाचं आवरण धुऊन कॉम्प्युटरवर घातलं. छान दिसते. पाहुण्यांपुढं आजारी माणसाला निजवून चादर ओढावी तशी.

रविवार, २४ मे

सगळं लिहिते. आज चांगलाच दिवस झाला असं लिहिणार होते.

दुर्गेशरावांना पाटावर बसवलं. तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे, वर दिवा. ओवाळलं. पुरणाचे धोंडे, वडा-भात, आंब्याचा रस. यांनी नवं धोतर-उपरणं द्यायचं म्हटलं होतं, मी शर्टाचं कापड आणलं, ते काय धोतर नेसणार आहेत. मुलगा गुणी आहे. मान खाली घालून सगळं करून घेतलं, लाजतच.

जेवणाआधीची गोष्ट. त्यांनी खिशातून पेनड्राईव्ह काढला. विहीणबाईंच्या साठीचे फोटो होते, मी चार वेळा मागितलेले. म्हणाले, "आई, कॉम्प्युटर लावू का? टाकून देतो फोटो."

माझ्या जिभेवर आलं होतं. 'नका, त्याला काहीतरी झालं आहे' — एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की ते उठणार, बघणार, खाली वाकणार, रस पातळ होईपर्यंत तिथंच बसणार. आणि विचारणार, हे काय टाकलं आई? मी म्हटलं, "तुम्ही बसा. आज तुम्ही कशाला हात लावायचा नाही. मी लावते."

माझ्या हातानं लावला. फोटो उतरवले. काढला. आणि हातात कसा द्यायचा म्हणून त्यांच्या ताटात ठेवून दिला, अनारशांच्या बाजूला.

जेवणं झाल्यावर मी डबा भरून राहिले, तेवढा वेळ कामिनी फोटो पाहत कॉम्प्युटरवर बसली. मग स्वयंपाकघरात आली. दाराला टेकून उभी राहिली नुसती.

"आई, कॉम्प्युटर बरा आहे ना?"

"चांगला पळते की."

"अजून काही?"

"अजून काय?"

"नाही, असंच," म्हणाली आणि डब्याचं झाकण लावून दिलं.

बुधवार, २७ मे

नवतपा लागला, वर्षातले सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस. कावळेही बोलेनात.

शुक्रवार, २९ मे

कामिनीचा फोन. दुकानातले तिन्ही कॉम्प्युटर बसले. गिऱ्हाइकांच्या फायली दिसेनाशा झाल्या, जागेवर नुसते बाण असलेल्या फायली. ज्यांनी पेनड्राईव्ह लावले त्यांच्या पेनड्राईव्हातही तेच. ऐन फॉर्मांच्या दिवसात दुकानाचं शटर खाली.

'बाण' म्हणाली ती.

मी काय बोलले? मी म्हटलं, "अगं बाई. पाणी पीत जा, ऊन फार आहे."

रविवार, ३१ मे

पुन्हा कामिनीचा फोन. एका पोरीचं मार्कशीट, जातीचा दाखला, सगळं पेनड्राईव्हात होतं. प्रिंटला आली आणि सगळं नाहीसं. तिच्या बापानं भर दुकानात दुर्गेशरावांना नको नको ते ऐकवलं. ते हात जोडून उभे होते म्हणे. हात जोडून! ज्यांना मी पाण्याचा गडवा उचलू देत नाही!

मी विचारलं, घाबरत घाबरत — कशानं झालं ते कळलं का?

"माझ्याकडूनच झालं, आई. मीच दुकानात काहीतरी उतरवून घेतलं होतं. सांगितलं मी यांना."

आणि मला बरं वाटलं. एक क्षण. पोर आपल्या अंगावर घेऊन राहिली आणि आईच्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हटलं, असेलही. तिनंच काही उतरवलं असेल. बाण काय सगळ्यांनाच येत असतील.

फोन ठेवण्याआधी तिनं विचारलं, "अजून काही?"

"अजून काही नाही. सासूबाईंना सांभाळ."

सोमवार, १ जून

वंदनाच्या फोनवर वाचलं. माझ्या कॉम्प्युटरवर वाचायची हिंमत नाही. तो रोग पेनड्राईव्हातून जातो. एका घरून दुसऱ्या घरी. आणि आणणारे असेच येतात म्हणे, राखणदाराचा वेष घेऊन, लाल खिडकीतून, आकडा सांगत. आधी घरचा खरा पहारेकरी बंद करायला लावतात.

वंदना म्हणाली, "तुमचा तर चांगलाय ना काकू? तो मराठीवाला?"

म्हटलं, चांगलाय.

घरी येऊन कॉम्प्युटरची वायर काढली. क्रोशाचं आवरण होतंच.

गुरुवार, ४ जून

कामिनीचा फोन. विहीणबाईंनी कामिनीला दुकानात बसायचं बंद केलं. "शिकलेली सून म्हणून गल्ल्यावर बसवली, तिनंच दुकान आडवं केलं. आता घरी बस, मेथी निवड." दुर्गेशराव आईपुढं काही बोलले नाहीत.

त्या खुर्चीसाठी कामिनीनं काय काय केलं मला ठाऊक आहे. तीन वर्षं. पोरींचे फॉर्म ती स्वतः वाचून भरायची, चुकले तर फोन करून बोलवायची. मला सांगायची, आई, आज अकरा फॉर्म, एकही परत नाही आला. तिचा आवाज तेव्हा कॉलेजात असताना होता तसा व्हायचा.

आज आवाज मेथी निवडल्यासारखा होता. एकेक शब्द.

"अजून काही, आई?"

मी म्हटलं, "नाही वं. तू जेवली का?"

शनिवार, ६ जून

सांगायला गेले होते. ठरवून गेले होते. यांना म्हटलं बाजारात जाते, आणि ऑटो करून धरमपेठ.

दुकान उघडलं आहे. काचेवर कागद — 'पेनड्राईव्ह आणू नये.' आत दोन कॉम्प्युटर चालू, एक उघडा पडलेला, पोट चिरलेल्या माशासारखा. कामिनीची खुर्ची भिंतीला लावून तिच्यावर झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे.

दुर्गेशराव लगबगीनं उठले. पंखा माझ्याकडं वळवला, उसाचा रस मागवला. डोळ्यांखाली काळं आलं आहे पोराच्या. बोलले सगळं हळूहळू. गिऱ्हाईक तुटलं, शेजारच्या दुकानात जाऊन राहिलं. होईल ठीक, म्हणाले. मग रसाचा ग्लास माझ्या हाती देत म्हणाले,

"आई, तुमच्याकडचा तर बरा आहे ना? त्या दिवशी पेनड्राईव्ह लावला होता. दुकानातला रोग तुमच्याकडे गेला असला तर सांगा, मी येऊन जाईन."

त्यांना माझी काळजी! त्यांच्याकडून माझ्याकडे आला असेल म्हणून!

मी म्हटलं, "बरा आहे."

सरळ रस्ता दाखवला होता त्यांनी, मी पायरीवरून उलटी फिरले. उसाचा रस प्यायले. पूर्ण प्यायले! आणि चार भेंड्या घेऊन घरी आले, बाजारात गेल्याचं दाखवायला.

रविवार, ७ जून

काही लिहायच्या लायकीची नाही मी.

सोमवार, ८ जून

यांना सांगितलं. सकाळी चहाला. पहिल्यापासून, लाडवासकट. हे रागावतील वाटलं होतं, चिडवतील वाटलं होतं. बशी खाली ठेवली नुसती.

"काहून नाही सांगितलं त्या दिवशी?"

"जवायाला काम कसं सांगायचं?"

"काम नव्हतं सांगायचं. खबर सांगायची होती." मग — "तू त्याले पाट दिला, ताट दिलं, तेहेतीस अनारसे मोजून दिले. खरं तेवढं नाही दिलं."

उठून गेले. गुडघा धरून, भिंत धरून. मी चहाचे कप कितीतरी वेळ धूत बसले.

खरं आहे. मान म्हणून मी जे केलं त्यात त्यांचा मान कितीसा होता? माझाच सांभाळत होते मी. कॉम्प्युटर येणारी सासू. जवायासमोर मूर्ख दिसायचं नव्हतं मला, बस. आणि त्यासाठी पोरीला मेथी निवडायला बसवली.

मंगळवार, ९ जून

फोनवर नाही जमणार. आवाज ऐकला की मी पुन्हा 'बरा आहे' म्हणेन. पत्र लिहिलं. किती वर्षांनी! मीराबाईनंतर पहिलं.

सुरुवात आपोआप तशीच झाली — तुमची तब्येत कशी आहे, विहीणबाईंची शुगर कशी आहे, कामिनी बरी आहे ना. मग लिहिलं की दुकानातला रोग माझ्या घरून गेला. माझ्या हातानं गेला. कामिनीनं काही केलेलं नाही, तिला तसं वाटतं, पण चूक तिची नाही, माझी आहे. सहा तारखेला तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. विहीणबाईंनाही हे पत्र वाचून दाखवा, मोठ्यानं. त्या मला काय म्हणायचं ते म्हणोत, पण कामिनीची खुर्ची तिला द्या. त्या पोरीच्या वडिलांचा पत्ता द्या, मी जाऊन माफी मागेन.

शेवटी 'लवकर लिहिजो' असं लिहून गेले. जवायाला कोणी असं लिहितं का? खोडून 'लवकर उत्तर द्यावे' केलं.

हे स्वतः नेऊन देतो म्हणाले. या उन्हात, तो गुडघा घेऊन. नको म्हटलं. ऐकलं नाही.

बुधवार, १० जून

काही नाही.

गुरुवार, ११ जून

काही नाही. कामिनीचाही फोन नाही.

शुक्रवार, १२ जून

दहाच्या सुमाराला दार वाजलं. दुर्गेशराव. खांद्याला पिशवी, घाम नुसता. पाय धुवायला पाणी द्यायला मी धावले, तर आधी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आई, कॉम्प्युटर कुठं आहे?"

मी म्हटलं, बसा, पाणी प्या, जेवून घ्या, मग. ते म्हणाले, "आज जवाई नाही आला. आज मिस्त्री आला. मिस्त्रीले कोणी पाटावर बसवते काय?"

आणि शिरले टेबलाखाली! माझ्या घरी, माझ्यादेखत! मला आईची आठवण झाली, ती जेवली नव्हती ते. पण मला त्या क्षणी किती दिवसांनी भूक लागली.

दोन तास बसले. मला बाजूला स्टूलवर बसवलं, एकेक दाखवत गेले. महारक्षकाला उपटून काढला, मुळासकट. मग म्हणाले, हा बघा आई — कॉम्प्युटरबरोबर आलेला पहारेकरी. फुकटच आहे, आधीपासून आहे, घरच्यांसाठी पुरतो. तुम्ही बाहेर शोधत होत्या, हा आतच बसला होता. मी त्याला बंद केला होता, होय होय होय करत. चालू केला पुन्हा. एकच ठेवायचा, आणि तो म्हणेल तेव्हा ताजा करायचा, एवढंच.

पापडाच्या वहीत लिहून घेतलं.

मी म्हटलं, मला बोला तरी काही. ते स्क्रू फिरवत होते. म्हणाले, "चूक माझीही आहे. दुकानातल्याची मुदत मार्चमध्येच संपली होती, आज करतो उद्या करतो करत राहिलो. ते मी कोणालाच नाही सांगितलं. आणि कामिनी म्हणाली मी केलं, तर मी शोधायचंच सोडून दिलं."

पत्र विहीणबाईंना वाचून दाखवलं का विचारलं. दाखवलं म्हणाले. त्या काय म्हणाल्या? हसले जरा. "म्हणाल्या, अक्षर चांगलं आहे." मग — "येत्या सोमवारपासून कामिनी दुकानात बसणार."

त्या पोरीची कागदपत्रंही मिळाली. लपली होती, गेली नव्हती. तिचा फॉर्म भरला गेला. तरी मी तिच्या वडिलांकडे जाणार, पत्ता घेऊन ठेवला आहे.

जाताना त्यांनी आणखी एक शिकवलं. आपण कोणत्या दिवशी, किती वाजता काय काय उघडून पाहिलं त्याची सगळी यादी कॉम्प्युटर ठेवतो. पुन्हा कधी शंका आली तर मागं मागं जात पाहायचं, कुठून शिरला ते सापडतं.

अनारसे संपले होते. भाजी-पोळी जेवले. स्वतः ताट उचलून मोरीत ठेवलं, मी ठेवू दिलं.

संध्याकाळी कामिनीला फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या तोंडानं. शेवटी म्हणाली, "बरं, आई." मी वाट पाहिली. आज तिनं 'अजून काही?' विचारलं नाही.

रविवार, १४ जून

आज ती यादी उघडली. सोळा मेची लाल खिडकी पाहायची होती, कुठून शिरली ते. मागं जात होते. मध्ये चोवीस मे लागला, धोंड्याचा दिवस. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मी तेव्हा डबा भरून राहिले होते, कॉम्प्युटरपुढं कामिनी होती.

तीन ओळी आहेत, माझ्या नाहीत.

'महारक्षक काय आहे.'

'महारक्षक कसा काढायचा.'

'काढल्यास घरच्यांना कळते का.'

कामिनी, तुझी तब्येत कशी आहे? तुला त्या दिवशीच कळलं होतं, तेव्हापासून तू 'अजून काही?' विचारत होती, मी आता उत्तर देऊन राहिले. अजून आहे वं. पुष्कळ आहे. फोनवर नको, कागदावरच. तुझंही मला कागदावर पाहिजे. लवकर लिहिजो.